विश्लेषण : लाकडाची भट्टी विझणार, मग ब्रून-मस्क्याचं काय? इराणी बेकरीतल्या दुपारच्या चहासमोर कोणता पेच?

दुपारचे चार वाजले, की फोर्टातल्या ऑफिसांमधून माणसं दोघं-तिघं मिळून खाली उतरतात. कुणी टपरीवर कटिंग घेतं, कुणी इराण्याकडे वळतं. आमच्या डेस्कची सकाळची शिफ्ट याच सुमारास संपते. त्यामुळे गेली तीन वर्षं माझा दुपारचा चहा एका जुन्या इराणी बेकरीतच होतो. संगमरवरी टेबल, टेकलं की किरकिरणारी लाकडी खुर्ची, थोडा बशीत सांडलेला चहा आणि शेजारी मस्का लावलेला ब्रून. उठताना गल्ल्यावर पैसे द्यायचे आणि घरी न्यायला खारीचा पुडा घ्यायचा, असा हा शिरस्ता.

जूनच्या पहिल्या पावसात तिथे गेलो, तेव्हा गल्ल्यावर एकच विषय होता : भट्टी. गॅस कंपनीत कुणाची ओळख आहे का, असं मालक प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारत होते. मी इंजिनीअरिंग केलंय हे कळल्यावर त्यांनी मला थेट आत, भट्टीच्या तोंडाशीच नेलं. त्यांचा प्रश्न साधा होता. गॅसवर ब्रून असाच होईल का?

या एका प्रश्नात बरेच प्रश्न आहेत. ते एकेक करून पाहू.

नेमका आदेश काय आहे?

मुंबईच्या हवेच्या प्रदूषणाची उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्याच प्रकरणात ९ जानेवारी २०२५ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने बेकऱ्यांबाबत निर्देश दिले. लाकूड किंवा कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावं, असं त्यात म्हटलं आहे. महापालिकेने त्यासाठी एक वर्षाची मुदत ठरवली होती. न्यायालयाने ती निम्म्यावर आणली. लाकूड-कोळशावर चालणाऱ्या नव्या बेकरीला परवानगी देऊ नये, हेही स्पष्ट केलं.

आदेश फक्त बेकऱ्यांपुरता नाही. मुंबईतून पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने बाहेर काढता येतील का, याचा अभ्यास करायलाही न्यायालयाने सांगितलं. पण वाहनांचा प्रश्न अभ्यासाच्या पातळीवर होता आणि बेकऱ्यांना तारीख मिळाली होती. सहा महिन्यांची ती मुदत जुलै २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात संपत होती.

चहा आणि बेकरी ही जोडी जमली कशी?

दुपारी चहासोबत काहीतरी खाण्याची रीत इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास उमराव घरांत रुजली. त्याचं श्रेय बहुतेक वेळा बेडफर्डच्या डचेस ॲना यांना दिलं जातं. दुपारचं जेवण आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्या मधल्या भुकेवरचा तो उपाय होता. पण बाहेर जाऊन, पैसे देऊन, बेकरीत बसून चहा पिण्याची सोय नंतर आली. लंडनच्या एरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ मध्ये पाव विकण्याच्या जागेतच चहाचं दालन उघडलं. कंपनी यीस्टऐवजी कार्बन डायऑक्साइड दाबाने मिसळून पाव फुगवत असे, म्हणून तिचं नाव असं. त्या काळी सोबतीला पुरुष नसताना स्त्रियांना बसून खाता येईल अशा सभ्य जागा कमी होत्या. बेकरीतली ही चहाची दालनं त्यांपैकी एक ठरली.

पुढे १८९४ मध्ये जे. लायन्स कंपनीने लंडनमध्ये चहाची दुकानं सुरू केली आणि त्यांची साखळी देशभर पसरली. रोज इतक्या दुकानांत किती पाव, किती केक पाठवायचा, त्यावर खर्च किती आणि सुटतं किती, हा हिशेब इतका वाढला की कंपनीने चक्क स्वतःचा संगणक बांधला. नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये या संगणकावर नियमित सुरू झालेलं पहिलं काम होतं बेकरीतल्या मालाच्या मूल्याचा हिशेब. व्यवसायासाठी संगणकाचा नेमाने वापर होण्याची ही जगातली पहिली घटना मानली जाते. कॉम्प्युटरच्या इतिहासात आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. बेकरीत नफा पावावर थोडा सुटतो, कारण पाव स्वस्तच लागतो. तोच पाव कापून, लोणी लावून, चहासोबत टेबलावर ठेवला की त्याची किंमत बदलते. लंडनमध्ये हे घडलं, आणि पुढे मुंबईतही.

मुंबईत हे काम इराण्यांनी कसं उचललं?

पारशी आणि इराणी यांत आपण अनेकदा गल्लत करतो. पारशी शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आले. इराणी म्हणजे त्यानंतर फार उशिरा, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेले लोक. यझ्द आणि केरमान भागांतून ते निघाले. त्यात बहुसंख्य झरतुष्ट्री होते, काही मुस्लिमही. मागे दुष्काळ होता, धार्मिक जाच होता. इथे आल्यावर हातात भांडवल कमी आणि कष्टाची तयारी भरपूर.

मुंबईत तेव्हा गिरण्या, गोदी आणि रेल्वेत काम करणारे, गावाकडे घर ठेवून आलेले हजारो पुरुष होते. त्यांना पहाटेपासून स्वस्तात काहीतरी पोटाला लागायचं. पाव इथे पोर्तुगिजांमुळे आधीच आला होता. गोव्यात आजही पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजच. चहा मात्र सर्वसामान्यांच्या घरात नवाच होता. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. इराण्यांच्या हॉटेलांचा सुवर्णकाळ त्यापुढचाच. मरीन लाइन्सचं कयानी अँड कंपनी १९०४ चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ मध्ये सुरू झालं आणि ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ मध्ये.

कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, अशी कथा सगळे सांगतात. ती कितपत खरी, हा भाग वेगळा. पण कोपऱ्यावरचं दुकान दोन रस्त्यांवरून दिसतं आणि त्याला दोन्हीकडून उजेड-वारा मिळतो, हे व्यवहारी कारणही काही कमी नाही. महत्त्वाचं म्हणजे इथे जात विचारली जात नव्हती. गिरणी कामगार, वकील, टॅक्सीवाला आणि कॉलेजचा मुलगा एकाच संगमरवरी टेबलाला बसत. त्यांना आवर घालणाऱ्या सूचनांच्या पाट्याही प्रसिद्ध झाल्या. निस्सीम इझिकेल यांनी तर धोबी तलावच्या बस्तानी रेस्टॉरंटमधल्या पाटीवरून कविताच लिहिली. ते बस्तानी आता बंद झालं आहे. एकेकाळी शेकड्यांनी असलेली ही हॉटेलं आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

भट्टी नेमकी काम कशी करते?

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की भट्टी हे यंत्र नाही, ती खोली आहे. विटांची, बुटक्या घुमटाची, एका छोट्या तोंडाची. आतल्या विटांभोवती मातीचा आणि रेतीचा जाड थर. पाव आत सरकवायला लांब दांड्याचं लाकडी फावडं.

लाकूड जळतं ते पाव भाजताना नव्हे, त्याच्या आधी. आग पेटवून विटा तापवायच्या. मग निखारे बाजूला ओढायचे, ओल्या फडक्याने फरशी पुसायची आणि तोंड बंद करून उष्णता सगळीकडे सारखी पसरू द्यायची. त्यानंतर माल आत जातो. म्हणजे पाव आगीवर भाजला जात नाही, विटांनी साठवलेल्या उष्णतेवर भाजला जातो.

ही साठवण किती असते? एक टन वीट १०० अंश सेल्सिअसने थंड झाली, तर साधारण ८५ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे सुमारे २४ युनिट वीज. जुन्या भट्टीत अशा कित्येक टन विटा असतात. त्यामुळेच ती हळूहळू थंड होते, आणि कारागीर या उतरत्या उष्णतेचाच वापर करतात. सर्वांत गरम असताना, २२० ते २५० अंशांवर, ब्रून आणि लादी पाव. थोडी उतरली की खारी. १६०-१८० अंशांच्या आसपास केक आणि नानखटाई. शेवटी, ऊब उरली की त्यात टोस्ट रात्रभर वाळत राहतात. एकदा जाळलेल्या लाकडावर चार प्रकारचा माल निघतो. दुपारी आपल्या बशीत जे येतं, त्याचा क्रम भट्टीने ठरवलेला असतो.

या भट्टीला आणखी एक स्वभाव आहे. ती एकदम बंद करता येत नाही आणि एकदम चालूही करता येत नाही. पूर्ण थंड पडली, तर पुन्हा तापवायला दिवस जाऊ शकतो, आणि वारंवार गार-गरम झाल्याने विटांना तडे जातात. म्हणून अनेक भट्ट्या वर्षानुवर्षं जवळपास न विझता चालतात.

मग ब्रूनची चव लाकडाची की विटांची?

ब्रूनला काही जण कडक पाव म्हणतात, काही गुटली. आतून मऊ, वरून असा कडक की कापताना तुकडे उडतात. हा कडकपणा तीन गोष्टींतून येतो. पहिली, तापलेल्या फरशीचा थेट स्पर्श. त्यामुळे खालची बाजू लगेच धरते. दुसरी, घुमटाकडून सगळ्या बाजूंनी येणारा उष्णतेचा मारा. तिसरी, वाफ. भरलेल्या बंद भट्टीत पिठातलंच पाणी वाफ होऊन कोंडतं. त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं वरचा थर ओलसर राहतो आणि पाव पूर्ण फुगतो. मग वाफ निघून जाते, थर वाळतो आणि १४० अंशांच्या वर पिठातली साखर आणि प्रथिनं यांच्यातली मेलार्ड प्रक्रिया जोर धरते. तपकिरी रंग आणि भाजका वास तिथून येतो.

या तिन्हींत धूर कुठेच नाही. निखारे बाजूला ओढून, फरशी पुसून, तोंड बंद केलेल्या भट्टीत धुराचा वास पावात फारसा उतरतही नाही. थोडक्यात, चव बहुतांश विटांची आहे, लाकडाची नाही. आपण ज्याला लाकडी भट्टीची चव म्हणतो, ती खरं तर जड, तापलेल्या, बंद जागेची चव आहे.

म्हणून मालकांच्या प्रश्नाचं उत्तर असं : जुन्या विटांच्या भट्टीतच गॅसचा बर्नर बसवला, तर ब्रून ओळखीचाच राहील. भट्टी पाडून पंख्याने गरम हवा फिरवणारा, ट्रॉली फिरत राहणारा आधुनिक ओव्हन आणला, तर फरक पडेल. फिरत्या हवेने वरचा थर लवकर आणि सारखा वाळतो. खालचा तो फरशीचा चटका मिळत नाही. बिस्किटांना आणि लादी पावाला असा ओव्हन उत्तम. ब्रूनसाठी मात्र दगडी तळाचा, वाफ सोडण्याची सोय असलेला डेक ओव्हन जास्त जवळचा.

धुराचा प्रश्न खरंच इतका मोठा आहे का?

‘शंभर वर्षं चाललंय, आताच काय झालं?’ हा प्रश्न टेबलावर ऐकू येतोच. उत्तर लाकडाच्या जातीत आहे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने मुंबईतल्या बेकऱ्यांची पाहणी केली, तेव्हा जवळपास निम्म्या बेकऱ्या लाकडावर चालताना आढळल्या. आणि हे लाकूड बरंचसं ओंडक्यांचं नव्हे, भंगारातलं. ओंडक्यांचा भाव तेव्हा किलोला दहा-बारा रुपये होता, तर भंगारातलं लाकूड चार-पाच रुपयांत मिळत होतं. तोडलेली कपाटं, जुन्या दारं-खिडक्या, प्लायवूडचे तुकडे. त्यावर रंग, पॉलिश, लॅमिनेट आणि आत डिंक. ते जळताना नुसता धूर होत नाही, फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं आणि रंगांमधले जड धातूही हवेत जातात.

धुरातले सर्वांत घातक कण म्हणजे पीएम २.५. व्यास २.५ मायक्रॉनपेक्षा कमी. केसाची जाडीच साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात पोहोचतात. भारताच्या मानकानुसार त्यांचं वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटना ५ च्या वर जाऊ नये म्हणते. मुंबईच्या प्रदूषणात बांधकामाची धूळ, रस्त्यांवरची धूळ आणि वाहनं यांचा वाटा मोठा आहे, हे खरंच. पण बेकरीचं धुराडं बहुधा वस्तीतच असतं, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या उंचीवर.

आणि त्या धुराच्या सर्वांत जवळ ना मालक असतो, ना गिऱ्हाईक. भट्टीवर त्या दिवशी दोन कारागीर होते, दोघंही उत्तर प्रदेशातून आलेले. रात्री काम आणि सकाळी पोटमाळ्यावर झोप, भट्टीच्याच वर. मी तिथे दहा मिनिटं उभा होतो, तर डोळे चुरचुरायला लागले. जुनी भट्टी वाचवा म्हणताना आपण बहुतेक वेळा बाहेरच्या टेबलावरून बोलत असतो, हे तेव्हा कळलं.

गॅसवर गेलं तर खर्च किती वाढतो?

इथे थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज येईल.

एक किलो बऱ्यापैकी सुक्या लाकडात सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता असते, एक किलो एलपीजीत सुमारे ४६. म्हणजे १०० किलो लाकडाची उष्णता ३२-३३ किलो एलपीजीत मिळते. पण लाकडाची बरीच उष्णता धुराड्यातून वाया जाते. चांगला बर्नर नेमका, हवा तेव्हा आणि हवा तेवढा चालवता येतो. त्यामुळे गॅस निम्माच लागला असं धरू : १६ किलो. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर १,७०० रुपयांच्या आसपास धरला, तर हे झाले साधारण १,४५० रुपये. भंगारातलं १०० किलो लाकूड मात्र साडेचारशेत येतं. इंधनाचा खर्च तिप्पट.

आता हा वाढलेला खर्च नगांवर वाटू. समजा, एक मोठी बेकरी १०० किलो लाकडावर रोज ५,००० पाव काढते. वाढीव १,००० रुपये भागिले ५,००० म्हणजे पावामागे २० पैसे. नवी यंत्रणा दहा लाखांची धरली आणि ते पैसे पाच वर्षांच्या कर्जाने उभे केले, तर दहा टक्के व्याजाने हप्ता महिन्याला २१ हजारांच्या पुढे, दिवसाला ७०० रुपये. पावामागे आणखी १४ पैसे. एकूण ३४ पैसे. वाढ आहे, पण झेपणारी.

छोट्या इराणी बेकरीचं गणित वेगळं. समजा, तिथे दिवसाला १,००० नगच निघतात. भट्टी अर्धी भरलेली असली तरी तापवावी पूर्णच लागते, म्हणून लाकूड ६० किलो धरू. गॅसवर गेल्यावर वाढीव इंधन ६०० रुपये, हप्ता तोच ७०० रुपये. नगामागे एक रुपया ३० पैसे. म्हणजे मोठ्या बेकरीच्या जवळपास चौपट.

वडापावच्या गाड्यांना घाऊक पाव पुरवणाऱ्या छोट्या बेकरीला हा सव्वा रुपया मारक ठरू शकतो, कारण तिथे पैशा-पैशाची स्पर्धा असते. पण जिच्या पुढच्या भागात चार टेबलं आहेत, तिच्यासाठी चित्र बदलतं. मस्का लावून, चहासोबत दिलेल्या ब्रूनवर दोन रुपये वाढले, तर किती गिऱ्हाइकं उठून जातील? मी आजूबाजूच्या टेबलांवर विचारलं. एका काकांनी फक्त चहाचा कप लहान करू नका, एवढी अट घातली.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

चवीत नाही, आणि दोन रुपयांतही नाही. अडचणी तीन आहेत.

पहिली, जागा. बऱ्याच जुन्या बेकऱ्या पागडीच्या जागेत आहेत, इमारती जुन्या आहेत. पाइप गॅस आणायचा तर गल्लीत वाहिनी हवी, घरमालकाची संमती हवी. सिलिंडर ठेवायचे तर मोकळी, हवेशीर जागा आणि अग्निसुरक्षेची पूर्तता हवी. विजेचा ओव्हन घ्यायचा तर जास्त भार मंजूर करून घ्यावा लागतो आणि जुन्या वायरिंगवर तो चालत नाही.

दुसरी, बंद राहण्याचे दिवस. बर्नर बसवायचा तर भट्टी थंड करावी लागते. ती थंड होणार, काम होणार, चाचण्या होणार आणि पुन्हा हळूहळू तापणार. तोवर माल नाही. रोजचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं, तर परत येईलच असं नाही. कारागिरांना या दिवसांची मजुरी कोण देणार, हा प्रश्न आहेच.

तिसरी, पुढची पिढी. अनेक इराणी कुटुंबांतली मुलं शिकून दुसऱ्या व्यवसायांत किंवा परदेशात गेली. सत्तरीतल्या मालकाने पाच वर्षांचं कर्ज काढायचं तर कुणाच्या भरवशावर? ज्याला बेकरी आज ना उद्या बंदच करायची होती, त्याला ही नोटीस म्हणजे निमित्त ठरेल.

मदत मिळते का?

मिळू शकते. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेत बेकरीलाही २०२५ मध्ये अर्ज करता येत होता. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान असतं. ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं असतं आणि किमान दहा टक्के रक्कम स्वतः घालावी लागते. वरच्या उदाहरणातला दहा लाखांचा खर्च पूर्ण पात्र ठरला, तर साडेतीन लाख अनुदानातून येतील. उरलेल्या साडेसहा लाखांचा हप्ता दिवसाला ४६० रुपयांच्या आसपास पडतो, आणि छोट्या बेकरीची नगामागची वाढ एक रुपया सहा पैशांवर येते.

पण अर्ज, प्रकल्प अहवाल, बँकेची मंजुरी हे सगळं सहा महिन्यांत व्हायला मालकाला कागद कसे भरायचे हे सांगणारं कुणीतरी हवं. नोटीस घेऊन येणाऱ्याच्या हातात या योजनेचा अर्जही असता, तर बरंच काम सोपं झालं असतं.

दुपारच्या चहाला जायचं असेल तर...

* वेळ : साडेतीन ते पाच. सकाळची आणि जेवणाची गर्दी ओसरलेली असते. मावा केक हवा असेल, तर मात्र दुपारची वाट पाहू नका. नावाजलेल्या ठिकाणी तो सकाळीच संपतो.
* काय मागवायचं : पहिल्यांदा जात असाल तर बन-मस्का, दात शाबूत असतील तर ब्रून-मस्का. चहा कडक हवा असेल तर ‘पानी कम’ सांगा.
* कसं खायचं : ब्रून चहात बुडवूनच. मस्क्याची बाजू वर ठेवा. लोण्याचा थर पावाच्या छिद्रांत चहा शिरू देत नाही, त्यामुळे तुकडा लगेच गळून पडत नाही. बिस्कीट चहात किती वेळ बुडवावं, याचं गणित मांडणाऱ्या लेन फिशर या भौतिकशास्त्रज्ञाला १९९९ चं इग्नोबेल मिळालं होतं. ब्रूनला इतकं गणित लागत नाही.
* पैसे : रोख ठेवा. सुटे असतील तर गल्ल्यावरचा चेहरा खुलतो.
* उठताना : खारी, नानखटाई, टोस्ट यातलं काहीतरी घरी न्या. भट्टीच्या उतरत्या आचेवरचा हा माल विकला गेला, तरच तिचा खर्च भरून निघतो.

मालकांना काय सांगितलं?

त्या दिवशी बाहेर येऊन मी खारीच्या कागदी पिशवीवर वरचा हिशेब मांडून दाखवला. भट्टी पाडू नका, त्यातच बर्नर बसेल का ते आधी विचारा. ब्रून तसाच राहील, असं सांगितलं. त्यांनी आकडे दोनदा तपासले आणि नगामागे एक रुपया ३० पैशांवर बोट ठेवलं. मग आतल्या कारागिराला हाक मारून, भट्टी बंद ठेवली तर तो किती दिवस गावी जाऊन येऊ शकेल, हे विचारलं. तो म्हणाला, पंधरा. मालकांनी पिशवीवर पंधरा लिहिलं, ती घडी करून गल्ल्यात ठेवली आणि माझ्याकडून चहाचे पैसे मोजून घेतले.

गॅस कंपनीला करायचा फोन मात्र त्या दिवशी राहूनच गेला. मुदत संपायला तेव्हा महिनाभरच उरला होता.